बायकांचे सायकलिंगचे कपडे: कोल्हापुरातनं सारखे येणारे प्रश्न

सायकल घेतली की पहिल्या महिन्याभरात हेच प्रश्न येतात, कुणी रंकाळ्यावर गाठून विचारतं, कुणी वहिनीच्या मार्फत, कुणी रात्री अकराला व्हॉईस मेसेज टाकून, आणि त्यातले निम्मे असे असतात की दुकानात पुरुष विक्रेत्याला विचारायला अवघड जातं. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहिलीयत. एक गोष्ट आधीच सांगते, ती पुढं सारखी येणार: सायकलचा कपडा आरशासमोर उभं राहून नाही, सायकलवर बसून निवडायचा.

१. सायकलिंगला वेगळे कपडे लागतातच का? घरातल्या लेगिंग आणि टीशर्टवर भागत नाही का?

भागतं की. रंकाळ्याच्या दोन फेऱ्या, कळंब्यापर्यंत जाऊन येणं, ऑफिस, भाजी, एवढ्याला जे अंगावर आहे ते चालतं, फक्त ओढणी आणि सुटा पायजमा चेनपासून लांब ठेवा. फरक पडतो तो तासाभराच्या पुढं. कॉटन घाम पितं आणि सोडत नाही, मग ते ओलं कापड मांडीला घासत राहतं आणि लेगिंगची मधली जाड शिवण बरोबर जिथं आपलं वजन पडतं तिथंच येते. पन्हाळ्याच्या रस्त्याला केर्लीपर्यंत काही वाटत नाही, पुढं वाघबीळ यायच्या आत कळायला लागतं. म्हणून लांब जायचं मनात असेल तर पहिली खरेदी चांगली शॉर्ट, बाकी सगळं सावकाश.

२. पॅड म्हणजे नक्की काय? आणि पुरुषांचीच लहान साईजची शॉर्ट घेतली तर काय बिघडतं?

पॅड म्हणजे शॉर्टच्या आत शिवलेला फोम, वरनं मऊ आणि लवकर सुकणारं कापड लावलेला. बऱ्याच जणींना वाटतं ती गादी आहे. गादीचं काम थोडं आहेच, पण मुख्य काम घासणं थांबवायचं, म्हणजे कातडीला लागून एकच सलग थर राहिला पाहिजे, मधे शिवण नाही, सुरकुती नाही. सीटवर वजन येतं ते बसायच्या दोन हाडांवर, आणि बायकांची ही हाडं साधारणपणे जास्त अंतरावर असतात, म्हणून बायकांचं पॅड मागं रुंद आणि पुढं आखूड असतं. पुरुषांच्या पॅडला पुढच्या बाजूला त्यांच्या शरीराप्रमाणं जागा ठेवलेली असते, बऱ्याचदा मधनं खाचही असते, आणि तिच्या कडा आपल्याला नेमक्या नको तिथं लागतात. वर कंबर-हिपचा कट पण सरळ असतो.

दुकानात शॉर्ट उलटी करून हातात घ्या. पॅडची कड मांडीकडं जाताना हळूहळू पातळ होत गेली पाहिजे, पायरीसारखी एकदम तुटलेली नको. कडेच्या शिवणीवरनं बोट फिरवा, शिवण सपाट पाहिजे, उभी राहिलेली नको. मग अंगठा आणि बोट यांच्या मधे पॅड धरून जोरात दाबा, दोन्ही बोटं एकमेकांना सहज लागली म्हणजे तो नुसता स्पंज आहे, दिसायला जाड पण अर्ध्या तासात बसणार. दाट फोमचं पातळ पॅड त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं.

३. पॅडेड शॉर्टच्या आत निकर घालायची का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर सगळ्यांसाठी एकच आहे. निकरच्या शिवणी आणि इलॅस्टिक टाळायलाच तर पॅड केलेलं असतं, आत निकर घातली की ते सगळं परत आलं. पहिल्या दिवशी विचित्र वाटतं, नंतर सवय होते. अपवाद दोन, दुकानात ट्राय करताना (तिथं घालायचीच, दुसरी पण घालून बघणार असते) आणि पाळीत, ते प्रश्न १२ मधे.

४. माझी कंबर ३० आणि हिप ४१. चार्टमधे कंबर एका साईजला जाते, हिप दोन साईज पुढं. कुठली घ्यायची?

शॉर्ट हिपवरनं, जर्सी छातीवरनं. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

कारण असं की कंबर सैल झाली तर नाडी आहे, रुंद पट्ट्याची शॉर्ट मिळते, अगदीच नाही तर बिब, म्हणजे खांद्यावरनं पट्टे असलेली शॉर्ट, आहे (प्रश्न १३). पण हिपला शॉर्ट घट्ट झाली तर तीन भानगडी होतात, वाकलं की मागची कड खाली सरकते, कापड इतकं ताणतं की आरपार दिसायला लागतं, आणि पॅड शरीरापासून सुटून लोंबतं. आपल्याकडं बऱ्याच बायकांच्या कंबर आणि हिपमधे मोठा फरक असतो, त्यात तुमच्या शरीराचं काही चुकलेलं नाही, बरेचसे चार्ट दुसऱ्याच अंगकाठीवर बेतलेले असतात एवढंच.

माप घ्यायची पद्धत: छाती मोजताना जी स्पोर्ट्स ब्रा घालणार तीच घालून मोजा, साध्या ब्रावर माप वेगळं येतं. हिप मोजताना पाय जुळवून उभ्या राहा आणि टेप सगळ्यात रुंद भागावरनं घ्या, तो भाग बहुतेकींचा वाटतो त्यापेक्षा बराच खाली असतो. मांडीचं माप पण घ्या, सगळ्यात वरच्या जाड भागाचं. आणि सेंटीमीटरमधे लिहून ठेवा कारण सायकलिंगच्या कंपन्यांचे चार्ट बहुधा सेंटीमीटरमधे असतात. एका कंपनीची एम दुसऱ्या कंपनीची एस असते, इटालियन कपडे अंगाला चिकटून बसणारे आणि छोटे निघतात, चिनी चार्ट असेल तर एक-दोन साईज वर जावं लागतं. अक्षर बघू नका, आकडा बघा.

आणि दोन साईजच्या मधे असाल तर? शॉर्ट हिपला न ताणता बसत असेल तर लहान घ्या, कारण लायक्राचं, म्हणजे ताणणारं, कापड वापरानं थोडं सैल पडतंच आणि सैल शॉर्ट म्हणजे सरकणारं पॅड. जर्सीत मात्र पहिल्यांदा घेणाऱ्यांनी मोठी घ्या, सवय नसताना अंगाला चिकटलेली जर्सी घालून राईडभर ती खाली ओढत बसण्यापेक्षा बरं.

५. जर्सी घालून बघितली, उभी राहिले तर पुढं आखूड आणि मागं लांब वाटतेय. मापात चुकलंय का?

नाही, जर्सी तशीच असते. सायकलवर आपण पुढं वाकतो, मग पुढचं कापड गोळा होतं आणि पाठीवरचं वर जातं, म्हणून ती पुढनं आखूड आणि मागनं लांब शिवलेली असते. उभं राहून छान दिसणारा साधा टीशर्ट वाकल्यावर पाठीवर चढतो आणि मागच्या माणसाला नको ते दाखवतो.

ट्रायल रूममधे सायकल नसते, पण खुर्ची असते, नसली तर मागून घ्या. तिच्यावर बसून हात समोर भिंतीला लावा आणि हँडल धरल्यासारखं वाका. आता बघा, मागं कंबर उघडी पडते का, बगलेत काचतं का, पोटावर झिप फुगून उभी राहते का, मांडीच्या सांध्यात शॉर्टचं कापड गोळा होतंय का, आणि पॅड वाकल्यावरसुद्धा अंगाला लागून आहे का. मांडीवरची ग्रिपची पट्टी बसली पाहिजे पण वर मांस फुगवून आलेलं नको. मागच्या खिशात मोबाईल ठेवून वाका, जर्सी खाली लोंबली तर ती छातीला बसली असली तरी खांद्यावर मोठी आहे. ऑनलाईन मागवली असेल तर टॅग न काढता घरी सायकल भिंतीला टेकवून हेच करा, आतनं निकर घालून, म्हणजे परत पाठवायला अडचण नाही.

६. आमच्या ग्रुपनं सगळ्यांसाठी एकसारख्या जर्सी शिवून घेतल्या. माझी गळ्याला मोठी, हिपला घट्ट. काही उपाय?

शिवून झालेल्या जर्सीला थोडाच उपाय आहे, बाजूची शिवण उसवून दोन्हीकडं ताणणाऱ्या कापडाची पट्टी घालता येते, काळी पट्टी कुठल्याही डिझाईनवर शोभते. पण पुढच्या वेळी ऑर्डर द्यायच्या आधी बोला. कोल्हापुरात जर्सी छापणाऱ्यांची कमतरता नाही, तालमींच्या फुटबॉल टीम आहेत, शाहू स्टेडियमवर मॅच असली की निम्मं गाव आपापल्या पेठेच्या जर्सीत दिसतं, त्यामुळं सब्लिमेशन प्रिंटिंग इथं सरावाचं काम आहे. अडचण एवढीच की कटिंगचा पॅटर्न फुटबॉलच्या पोरांचा असतो. म्हणून छापणाऱ्याला विचारा, तुमच्याकडं लेडीज पॅटर्न आहे का, मागं तीन खिसे आणि लांब पाठ करता का, पूर्ण झिप लावता का. नसेल तर तुमची चांगली बसणारी एक जर्सी नमुन्याला द्या. पाच-सहा जणींनी मिळून मागितलं की करून देतात, एकटीनं मागितलं तर टाळतात, हे पण खरं.

ग्रुपमधल्या पुरुषांनाही सांगणं आहे, बायकांसाठी "एस आणि एम टाका" एवढं पुरत नाही, प्रत्येकीचं माप विचारा.

७. लायक्राची शॉर्ट घालून रंकाळ्यावर जायला लाज वाटते. घरचे पण म्हणतात हे काय घातलंय. काय करू?

लाज वाटते त्यात चुकीचं काही नाही आणि त्यासाठी सायकल सोडायची पण गरज नाही. मार्ग भरपूर आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे पॅडेड इनर, जाळीच्या पातळ कापडाची शॉर्ट, ती आत घालायची आणि वरनं तुमची नेहमीची थ्री फोर्थ, ट्रॅक पँट किंवा सैल शॉर्ट. बाहेरनं कुणाला काही कळत नाही आणि पॅडचा फायदा पूर्ण मिळतो. दुसरा, घोट्यापर्यंतची काळी पॅडेड टाईट, वर बाजूला चीर असलेला लांब ड्राय-फिट टॉप, मांडीपर्यंत येणारा, पण सीटच्या टोकात अडकणार नाही एवढाच लांब. तिसरा स्कॉर्ट, म्हणजे आत शॉर्ट आणि वर छोटा स्कर्ट जोडलेला, तो दिसायला खरंच गोड दिसतो आणि चहाला थांबल्यावर अवघडायला होत नाही.

हा प्रश्न आपल्याच गावचा आहे असं समजू नका. १८९४ मधे ॲनी लंडनडेरी बोस्टनहून सायकलवर जगप्रवासाला निघाली तेव्हा लांब स्कर्टमधेच निघाली होती, वाटेत आधी ब्लूमर, म्हणजे घोळदार विजार, आणि मग पुरुषी पद्धतीचा सूट तिनं घेतला, कारण स्कर्टमधे सायकल नीट चालवता येत नव्हती, आणि लोकांनी त्यावरनं केवढं रान उठवलं. ऑलिम्पिकमधे पुरुषांची पहिली रोड रेस १८९६ ला झाली, बायकांची यायला १९८४ उजाडलं. एवढा उशीर झालेल्या ठिकाणी कपड्यांवरनं अजून चर्चा होते ह्याचं नवल नाही.

घरच्यांसाठी माझा अनुभव असा की वाद घालण्यापेक्षा कारण दाखवलेलं बरं. सासूबाईंना पॅड दाखवा, सांगा की हे नसलं की कातडी सोलते. बऱ्याच सासवा पुढचा प्रश्न "मग मला पण आण की एक" असा करतात. आणि पहिले काही दिवस दोघी-तिघी मिळून जा, पहाटे रंकाळ्यावर चालणाऱ्यांना चार दिवसांत सवय होते.

८. आईला सायकल चालवायचीय पण ती साडी किंवा पंजाबी ड्रेसच घालणार. सुरक्षित आहे का?

आहे, थोडी तयारी केली तर. सायकल आडवा दांडा नसलेली लेडीज घ्या, पूर्ण चेन कव्हर असलेली, आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी साडी अडकू नये म्हणून जाळी मिळते ती बसवा, जुन्या सायकल दुकानात लगेच समजतं काय पाहिजे ते. साडी चार बोटं वर नेसायची, पदर पिन करून कमरेला खोचायचा. नऊवारी कासोटा घालून नेसणाऱ्या आज्यांचे पाय तर सुटेच असतात, त्यांना सहावारीपेक्षा सोपं जातं. ड्रेस असेल तर पटियाला नको, चुडीदार घ्या, उजव्या पायाला क्लिप किंवा रुंद रबर लावा कारण चेन उजवीकडं असते. ओढणी घरी ठेवायची, आईला ते जमत नसेल तर दोन्ही टोकं पाठीमागं न सोडता कमरेला घट्ट गाठ. ओढणी चाकात जाणं हा जिवाशी खेळ आहे, तिथं तडजोड करू नका. आणि आत पॅडेड इनर साडीखालीही घालता येते.

९. स्पोर्ट्स ब्रा कशी घ्यायची? रनिंगची चालते का?

चालते, पण एवढी आवळणारी लागत नाही. धावताना जेवढे धक्के बसतात तेवढे सायकलवर बसत नाहीत, त्यामुळं मध्यम सपोर्टची पुरते आणि श्वास मोकळा राहतो. जास्त छाती असलेल्यांनी मात्र जास्त सपोर्टचीच घ्यावी, शिये फाट्याकडनं खडबडीत रस्त्यावर गेलं की फरक कळतो. बघायचं ते खालच्या पट्ट्याकडं, पट्टा रुंद आणि आत मऊ पाहिजे, घाम तिथंच साचतो आणि पुरळ तिथंच उठतं. मागनं एक्स आकाराच्या पट्ट्या वाकल्यावर खांद्यावरनं घसरत नाहीत. घामानं भिजलेली ब्रा काढताना जीव जातो, पुढं झिप असेल तर सुख. आतले सुटे कप काढून टाका, ते पाणी धरून ठेवतात.

१०. माझं वजन जास्त आहे, मांड्या घासतात आणि शॉर्ट वर चढते. माझ्या मापाचं मिळतं तरी का?

मिळतं, दुकानात कमी, ऑनलाईन जास्त. लांब पायाची शॉर्ट घ्या, गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत येणारी, मांड्या जिथं एकमेकींना लागतात तो सगळा भाग कापडानं झाकला गेला पाहिजे. आखूड शॉर्ट घेऊन ती खाली ओढत बसण्यात अर्थ नाही. ग्रिपला बारीक सिलिकॉनची दोरी असेल तर ती रुततेच, त्याऐवजी चार-पाच सेंटीमीटर रुंद, सपाट पट्टी शोधा. कंबर उंच घ्या, नाभीपर्यंत येणारी, ती पोटावर गुंडाळत खाली येत नाही. लांब राईडच्या आधी मांडीच्या आतल्या बाजूला घासणं कमी करणारी क्रीम लावा. आणि "वजन कमी झाल्यावर चांगले कपडे घेईन" असं बऱ्याच जणी म्हणतात, कृपा करून असं करू नका, टोचणाऱ्या कपड्यात सायकल चालवायला कुणाला आवडेल? आजच्या मापाचं आज घ्या.

११. उंची चार फूट अकरा इंच. सगळंच लांब होतं. शिंप्याकडनं छोटं करता येतं का?

जर्सीच्या बाह्या आणि टाईटची लांबी, हो. शॉर्टच्या पॅडजवळ कुणालाही कात्री लावू देऊ नका, तिथली एक शिवण हलली की शॉर्ट गेली. साधं शिलाई मशिन पण नको, सरळ टाका ताणल्यावर तुटतो, ओव्हरलॉक आणि ताणणारा धागा पाहिजे, सुई होजिअरीची, नाहीतर कापडाला भोकं पडून उसवत जातं. होजिअरीचं काम जाणणारा कारागीर गाठा, शाळेचे ट्रॅकसूट शिवणाऱ्यांकडं विचारा. टाईट कमी करताना घोट्याची झिप असली तर कापायचं नाही, गुडघ्याखाली बारीक प्लेट मारायची. पाठीवरची लांबी कमी करू नका, ती का आहे ते प्रश्न ५ मधे आहे.

१२. पाळीत पॅडेड शॉर्टचं काय?

ज्यांना मेन्स्ट्रुअल कप जमतो त्यांच्यासाठी तो सगळ्यात सोयीचा, टॅम्पॉन पण चालतो, कारण मग शॉर्टच्या आत काहीच राहत नाही. पण नवा कप राईडच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका, घरी सवय करून घ्या. सॅनिटरी पॅडच वापरत असाल तर विंग्ज शॉर्टच्या पॅडला नीट चिकटत नाहीत आणि वाकल्यावर सरकतात, म्हणून त्या दिवसांत शिवण नसलेली पातळ पीरियड पँटी किंवा शिवण नसलेली निकर आणि पातळ नॅपकिन, वरनं काळी शॉर्ट, आणि राईड छोटी. पोट दुखत असेल तर कमरेला आवळणारी नाडी नको, रुंद पट्ट्याची किंवा बिब घाला.

१३. बिब शॉर्ट सगळ्यात आरामाची म्हणतात, पण बाथरूमला जायचं कसं?

हीच तर गोम आहे. बिबला खांद्यावरनं पट्टे असतात, कमरेला इलॅस्टिक नाही, पोट आवळत नाही, पॅड जागचं हलत नाही, लांब राईडला तिच्यासारखं सुख नाही. पण साधी बिब काढायची तर आधी जर्सी काढावी लागते, आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर हॉटेलच्या मागच्या बाथरूममधे, दाराला कडी आहे का नाही हे बघत, ते कोण करणार. बायकांच्या बिबमधे यावर उपाय निघालेत, एकात मागचा भाग जर्सी न काढता खाली ओढता येतो, दुसऱ्यात पाठीवर पट्ट्याला हुक किंवा क्लिप असते, तिसऱ्यात पट्टा गळ्यातनं डोक्यावरनं काढायचा. घ्यायच्या आधी घरी एकदा पूर्ण करून बघा, हाताला क्लिप सापडते का, परत लागते का. दोन तासांच्या आतल्या राईड असतील तर बिब नाही घेतली तरी काही अडत नाही.

१४. आपल्याकडच्या ऊन-पावसाला काय घालायचं?

मार्च ते मे फिक्या रंगाची, पूर्ण बाह्यांची, पातळ जर्सी, किंवा अर्ध्या बाह्या आणि सुटे आर्म स्लीव्ह. उघड्या हातांपेक्षा झाकलेले हात कमी भाजतात आणि मनगटावर काळा-गोरा पट्टा पडत नाही. झिप पूर्ण उघडणारी घ्या.

पावसाळ्यात आपल्याकडं कोरडं राहायचा विचार सोडायचा, जुलैत राधानगरीकडं गेलात तर कुठलंही जॅकेट शेवटी भिजवतंच. लवकर सुकणारे कपडे, मागं मडगार्ड, पाठीवर लांब असलेलं पातळ रेन जॅकेट आणि पिशवीत कोरडा जोड. स्कूटरवरचा सुटा पोंचो अजिबात नको, वारं भरतं आणि चाकात जातो.

थंडीत गंमत चढाची नाही, उताराची आहे. पन्हाळा चढताना घामानं भिजतो आणि उतरताना त्याच ओल्या अंगावर वारं येतं. खिशात मावणारी विंडचीटर ठेवा. ती विसरली तर वर चहाच्या टपरीवर कालचा "पुढारी" मागा आणि जर्सीच्या आत छातीवर घाला, वारं अडतं, सायकलवाल्यांची ही जुनी युक्ती आहे आणि ती खरंच चालते.

१५. बायकांचं सगळं गुलाबी नाहीतर जांभळंच का? छान दिसणारं काय घ्यावं?

शॉर्ट काळी किंवा गडद निळीच घ्या, ह्यात मी हट्टी आहे. फिका रंग घाम आल्यावर आरपार दिसतो आणि सीटचे, चेनचे डाग जात नाहीत. घेताना कापड मुठीवर ताणून उजेडात धरा, मुठीची कातडी दिसली तर ती शॉर्ट वाकल्यावर पण दाखवणार. हौस जर्सीवर करा. हळदीसारखा पिवळा, मोरपिशी, डाळिंबी, हे आपल्या रंगाला लई शोभतात आणि रस्त्यावर लांबनं दिसतात. तीन-चार जर्सींपेक्षा एक नीट बसणारी घ्या, छान दिसण्यात रंगाचा वाटा थोडा, खांद्याची शिवण खांद्यावर येण्याचा जास्त. मोजे आणि हेल्मेट एका रंगात घेतले की साधी काळी टाईट पण उठून दिसते.

१६. कोल्हापुरात मिळतं कुठं, आणि बजेट कमी असेल तर?

शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी भागात सायकल आणि स्पोर्ट्सची दुकानं आहेत, तिथं पुरुषांचं भरपूर आणि बायकांचं मोजकं असतं. आधी फोन करून "लेडीज पॅड असलेली शॉर्ट, अमुक साईज आहे का" एवढं विचारा, फेरी वाचते. डिकॅथलॉनमधे बायकांच्या साईज मिळतात आणि परत करणं सोपं आहे, पहिल्या शॉर्टला तिथनं सुरुवात करायला हरकत नाही.

पैसे मोजके असतील तर सगळे शॉर्टवर घाला. जर्सीऐवजी कुठलाही पॉलिस्टरचा ड्राय-फिट टॉप चालतो, मोबाईलला कमरेची छोटी पिशवी, पायात साधे स्पोर्ट्स शूज. पाचशेच्या आतली "थ्रीडी जेल पॅड" लिहिलेली शॉर्ट घेण्यापेक्षा महिनाभर थांबून बरी घेतलेली परवडते, ती प्रश्न २ मधली बोटांची परीक्षा पास होते का ते बघा. हेल्मेटचे पैसे यातनं काढायचे नाहीत.

१७. चांगली शॉर्ट घेतली तरी दुखतं. आता काय?

मग दोष बहुतेक सीटचा आहे. सीट फार उंच असेल तर हिप दोन्हीकडं हलतात आणि घासतं, टोक वर असेल तर पुढं दाब येतो, रुंदी हाडांपेक्षा कमी असेल तर कुठलंही पॅड वाचवणार नाही. वरनं जेलचं कव्हर घालू नका, ते हलतं आणि पॅडचं काम बिघडवतं. नवीन असाल तर पहिले दोन-तीन आठवडे हाडांवर थोडं दुखणं साहजिक आहे. मुंग्या येणं, बधिरपणा, गळू किंवा लघवीला जळजळ हे साहजिक नाही, सायकल थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ओल्या शॉर्टमधे नाष्ट्याला मिसळ खात तासभर बसणं हे या त्रासांचं मोठं कारण, मिसळ खायचीच, पण आधी शॉर्ट बदलायची.

१८. धुवायचं कसं? पावसात वाळत नाही.

राईडवरनं आल्या आल्या, उलटी करून, गार पाण्यात, साध्या लिक्विडनं. ब्रश, धोपटणं, ब्लीच, इस्त्री आणि कपडे मऊ करायचं लिक्विड नको, त्या मऊ करणाऱ्यामुळं कापडाची घाम सोडायची ताकद जाते. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा, मग पॅड वर येईल असं फॅनखाली, आणि ऊन असलं तरी सावलीत. पॅड दमट असेल तर ती घालायची नाही, म्हणून दोन शॉर्ट लागतातच.

१९. पहिली २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राईड, करतेय. कपड्यात वेगळं काय?

२०० ला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे पहाटेची थंडी, दुपारचं ऊन आणि कदाचित संध्याकाळचा अंधार, सगळं एकाच कपड्यात. म्हणून थर घाला: पातळ जर्सी, काढता येणारे आर्म स्लीव्ह, विंडचीटर. त्या दिवशी काहीही नवीन घालू नका, जी शॉर्ट घालणार ती ७०-८० किलोमीटरला वापरून बघितलेली पाहिजे. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट रात्री लागतंच, आणि बाजारातली बहुतेक पुरुषांच्या मापाची, वाऱ्यात फडफडणारी असतात, बाजूला पट्टे आवळता येणारं घ्या आणि ते घालून मागच्या खिशात हात जातो का बघा. क्रीमची छोटी डबी बरोबर ठेवा, निम्म्या वाटेवर परत लावावी लागते.

२०. डिलिव्हरीनंतर परत सुरू करायचंय, सिझेरियन झालंय. जुनी शॉर्ट टाक्यावर लागते.

आधी तुमच्या डॉक्टरांची परवानगी, त्याच्या आत कपड्याचा विचारच नको. मिळाल्यावर कमरेची शिवण टाक्याच्या बरीच वर येईल अशी उंच कमरेची शॉर्ट घ्या किंवा बिब, पुढनं पोटावर शिवण नसलेली. जुन्या मापावर जाऊ नका, नव्यानं टेप लावा, हिप आणि छाती दोन्ही बदललेलं असतं. बाळ अंगावर पीत असेल तर पूर्ण झिपची जर्सी आणि पुढनं उघडणारी ब्रा, पाजून निघा, आणि सुरुवातीच्या राईड घरापासून फार लांब नेऊ नका. आवळणारी ब्रा तासन् तास घातली तर दूध साचून गाठी होऊ शकतात, म्हणून एक साईज सैल घ्या आणि घरी आल्यावर लगेच बदला.